दाणे गाळणारा भात आणि दाणे राखणारा भात

झाडाला पाय नसतात. तरीही त्याची संतती दूरदूर जाऊन वसते. रुईचे बी कापसासारख्या तंतूंवर तरंगत वाऱ्याबरोबर जाते. आघाड्याचे बी गुरांच्या अंगाला चिकटून गावभर फिरते. वडाचे बी पक्ष्यांच्या पोटातून जाऊन भिंतीच्या फटीत रुजते, तर तेरड्याचे पिकलेले फळ स्पर्श होताच फुटून बी उडविते. ज्या वाहकाकडून बी पसरावयाचे, त्याला साजेसे रूप असलेली रोपेच पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. दूर गेलेले बी निराळ्या मातीत व हवामानात वाढते आणि कालांतराने त्याचा वेगळाच प्रकार बनतो. वनस्पतींच्या विविधतेचे हे एक मोठे कारण होय.

हाच नियम आपल्या शेतातही चालू असतो. तेथे बियांचा मुख्य वाहक मनुष्य आहे. भाताच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

मनुष्याने केलेली निवड

रानभाताचा दाणा पिकताच लोंबीवरून गळून पडतो. दाणा व देठ यांच्या सांध्यात पेशींचा एक नाजूक थर असतो; दाणा पक्व झाला की हा थर सुटतो. सर्व दाणे एकाच वेळी पिकत नाहीत, आणि गळलेल्यांपैकी कित्येक दाणे जमिनीत काही वर्षे सुप्त राहू शकतात. एखादे वर्ष अवर्षणाचे गेले तरी वंश बुडत नाही. रानात ही व्यवस्था उत्तम आहे.

मनुष्य लोंब्या कापून नेऊ लागला तेव्हा मात्र चित्र पालटले. गळलेले दाणे मागे राहिले आणि लोंबीला धरून राहिलेले दाणे घरी आले. पुढील हंगामात तेच पेरले गेले. हजारो वर्षे असे घडत राहिल्याने दाणे राखणारा भात तयार झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की, दाणे गळण्याच्या गुणावर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकातील अगदी लहानशा बदलाचा यात मोठा वाटा आहे.

करगा : पिकाचा वेष घेतलेले तण

दाणे गाळण्याचा जुना गुण मात्र नाहीसा झालेला नाही. तो भाताच्या बांध्यांतच तणाच्या रूपाने वावरतो. छत्तीसगढात या तणाला करगा म्हणतात. कोवळेपणी करगा व भात यांची रोपे इतकी सारखी दिसतात की निंदणी करणाऱ्या अनुभवी हातांनाही ती ओळखता येत नाहीत. ओळख पटते ती लोंबी आल्यावर. तोपर्यंत दाणे गळू लागलेले असतात.

करगा दोन मार्गांनी पसरतो. गळलेले दाणे मातीत जातात व तेथेच पुन्हा उगवतात. जे गळत नाहीत ते पिकाबरोबर कापले जातात, खळ्यावर येतात आणि बियाण्याच्या पोत्यातून दुसऱ्या शेतात पोहोचतात. यांतील दुसरा मार्ग सर्वस्वी आपल्या हातचा आहे. जो करगा पिकाबरोबर पिकतो व पिकासारखा दिसतो, त्यालाच आपण नकळत पोत्यात जागा देतो. अशा रीतीने त्याचे पिकाशी असलेले साम्य वाढत जाते.

जांभळ्या पानांचा धडा

जुन्या मध्य प्रांतात या प्रश्नावर एक युक्ती योजण्यात आली होती. १९४३ साली दवे या शास्त्रज्ञांनी तेथील रानभाताच्या प्रश्नावर व त्याच्या उपायांवर लेख लिहिला. जांभळ्या पानांचा भात लावावा आणि हिरवे दिसेल ते उपटावे, अशी ही युक्ती. प्रारंभी निंदणी सोपी झाली. परंतु भाताचा व करग्याचा थोडाफार संकर होतच असतो. संकरातून निघालेली जांभळी रोपे निंदणाऱ्याच्या हातून सुटली, त्यांनी दाणे गाळले आणि काही हंगामांत करगाही जांभळा दिसू लागला. आपण जे उपटतो त्यानेच नव्हे, तर जे सोडून देतो त्यानेही तणाचे रूप घडते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. बियाणे खात्रीचे वापरावे. घरचे असल्यास मूठभर दाणे सोलून पाहावेत. पांढऱ्या तांदळाच्या जातीत लाल दाणे आढळले तर ते बियाणे पेरू नये.

२. ज्या बांधीत करगा फार आहे तेथे फेकून पेरणी करू नये. पहिल्या पावसाने उगवलेले तण चिखलणीत गाडावे आणि ओळीने रोवणी करावी. दोन ओळींच्या मध्ये उगवलेले भातासारखे रोप बहुधा करगाच असते.

३. बियाण्यासाठी राखलेल्या बांधीतून वेगळी दिसणारी झाडे, दाणे गळण्यापूर्वीच, दोन-तीन वेळा फिरून काढावीत.

४. कापणीनंतर लगेच खोल नांगरट करू नये. वर पडलेले दाणे पक्षी व उंदीर खातात. खोल गाडलेले दाणे मात्र टिकून राहतात.

५. मळणीयंत्र, खळे व पोती दुसऱ्या शेताचा माल घेण्यापूर्वी झाडून स्वच्छ करावीत.

एकट्या शेतकऱ्याने हे करून भागणार नाही, कारण बियाण्याची देवाणघेवाण गावभर चालते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी घरोघरचे बियाणे तपासण्याचा एक दिवस ठरवावा. रानात बी कोठे जावे हे वारा व पक्षी ठरवितात. शेतात ते शेतकऱ्याची मूठ ठरविते. ती मूठ पेरणीपूर्वी एकदा उघडून नीट पाहावी.