अंगठ्याजवळचं ‘वाढलेलं’ हाड
पावलांचं आरोग्य : भाग ५

गेल्या आठवड्यात टाचदुखी पाहिली; आज अंगठ्याकडे येऊ. ‘अंगठ्याजवळ हाड वाढलंय, तासून टाकता येईल का?’ असं अनेकजण, विशेषतः बायका, विचारतात. पण हे हाड बहुतेक वेळा वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं.

अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि त्याच्या मागचं, पावलातलं लांब हाड उलट दिशेला सरकतं. दोन्हींच्या सांध्याला कोन पडून त्या हाडाचं टोक बाजूला डोकावू लागतं. त्यावर बूट घासून कातडी लाल होते, सुजते. एकदा कल आला की अंगठ्याचे स्नायूही त्याला तिरपंच ओढतात, म्हणून तो वर्षानुवर्षं वाढत जातो. डॉक्टर याला बनियन किंवा हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. एक्स-रे उभं राहूनच काढावा लागतो, कारण खरा कल भार पडल्यावर दिसतो. साधारण १५ अंशांपर्यंतचा कल नेहमीचा, ४० च्या पुढचा तीव्र.

पावलाची ठेवण घराण्यातून येते. आईला असेल तर लेकीला होण्याची शक्यता जास्त. पण पादत्राणांचा वाटाही मोठा आहे. १९५८ साली हाँगकाँगमधल्या पाहणीत बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत हा दोष आढळला, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम दोन टक्क्यांत. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जुन्या दफनभूमींतले सांगाडेही हेच सांगतात. चौदाव्या शतकात तिथे टोकदार बुटांची फॅशन आली. त्याआधीच्या सांगाड्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं, चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या सांगाड्यांत २७ टक्के. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलींवर निमुळत्या बेलीजची सक्ती करणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

घरी एक तपासणी करा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर उभं राहून पेन्सिलीने पावलाची कड आखा. त्या आकृतीवर रोजचा बूट ठेवा. बुटाच्या कडेबाहेर रेघ दिसली, तर तेवढं पाऊल तुम्ही रोज आत कोंबता आहात. पुढून रुंद, मऊ, कमी टाचेचं पादत्राण हा पहिला उपचार, आणि कित्येकांना तेवढाच पुरतो. उंचवट्यावर सिलिकॉनची गादी, बोटांमध्ये स्पेसर, दुखलं तर बर्फाचा शेक यांनी आराम पडतो. पण रात्री पट्टा बांधून मोठ्या माणसाचं हाड कायमचं सरळ होत नाही. त्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

एवढं करूनही रोजचं चालणं दुखत असेल, तरच ऑपरेशनचा विचार करावा. नुसता उंचवटा तासून सहसा भागत नाही. हाड कापून, जागेवर सरकवून स्क्रूने बसवतात. याच्या शंभराहून अधिक पद्धती आहेत; कुठली निवडायची ते कल किती यावर ठरतं. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास बूट घालावा लागतो, सूज काही महिने रेंगाळते आणि काहींचा अंगठा पुन्हा कलतो. म्हणून पाय नाजूक दिसावा एवढ्यासाठी ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांधा अचानक, बहुधा रात्री, लालबुंद होऊन ठणकू लागला तर तो गाऊट असू शकतो. त्याचा उपचार वेगळा. आणि मधुमेह असेल तर उंचवट्यावरचा साधा फोडही अंगावर काढू नका. पायाची संवेदना कमी झाल्याने तो दुखत नाही आणि जखम चिघळते. रोज झोपण्यापूर्वी दोन्ही पावलं उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला पाहायला सांगा.