एका टर्मिनलमध्ये तीन मजले! कंट्रोल पॅनलमध्ये नंबर चुकला तर काय होतं?

मंडळी, कारखान्यात रात्रपाळीला मशीन बंद पडलं की सगळ्यात आधी काय उघडतात? कंट्रोल पॅनलचं दार! आत शेकडो वायरी एका पट्टीवर ओळीने बसवलेल्या ठोकळ्यांत जाताना दिसतात. हे ठोकळे म्हणजे टर्मिनल ब्लॉक, किंवा वायरमनच्या भाषेत ‘कनेक्टर’. ते ज्या ३५ मिमी रुंद धातूच्या पट्टीवर बसतात, तिला डिन रेल म्हणतात.

मजले कशासाठी?

जागा वाचवण्यासाठी! समजा मशीनवर १६ प्रॉक्सिमिटी सेन्सर आहेत. प्रत्येकाच्या तीन वायरी: तपकिरी म्हणजे +२४ व्होल्ट, निळी म्हणजे ० व्होल्ट आणि काळी म्हणजे सिग्नल. झाल्या ४८ वायरी. २.५ चौरस मिमीच्या साध्या टर्मिनलची जाडी साधारण ५ मिमी असते, म्हणजे एकूण २४० मिमी जागा गेली. तीन मजली टर्मिनल घेतले तर १६ नगांत काम होतं आणि जागा साधारण एक तृतीयांश लागते. एक सेन्सर, एक टर्मिनल. हिशोब सोपा!

मग घोळ कुठे होतो?

नंबरात. एकाच ठोकळ्यावर नुसतं ‘५’ लिहिलं, तर पाच नंबरचा कोणता मजला? +२४ची वायर चुकून ० व्होल्टच्या मजल्यावर गेली की थेट शॉर्ट. फ्यूज उडतो, आणि सगळ्या सेन्सरचा सप्लाय एकच असेल तर अख्खी लाईन थांबते. शोधायला मात्र तासन्‌तास जातात, कारण वरवर पाहता सगळ्या वायरी जागेवरच दिसतात.

नंबर टाकायची सोपी पद्धत

१. पट्टीला नाव द्या. ड्रॉइंगमध्ये टर्मिनलसाठी ‘एक्स’ हे अक्षर वापरतात, म्हणून एक्स१, एक्स२.

२. मग टर्मिनलचा नंबर आणि शेवटी मजला. एक्स१:५.३ म्हणजे पहिली पट्टी, पाचवं टर्मिनल, तिसरा मजला. मजले खालून मोजायचे की वरून, हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा.

३. मजल्यांचं काम ठरवून टाका. उदाहरणार्थ, खाली ० व्होल्ट, मध्ये +२४, वर सिग्नल. मल्टिमीटर बहुतेक वेळा सिग्नलवरच लावावा लागतो, म्हणून तो वर असलेला बरा. एकदा ठरलं की पूर्ण पॅनलमध्ये तेच.

४. वायरीच्या टोकाला फेरूल घाला. फेरूल, टर्मिनलचा मार्कर आणि ड्रॉइंग, तिन्ही ठिकाणी ताळमेळ हवा. मार्कर पेनने लिहिलेलं पुसलं जातं, छापील मार्करच वापरा.

वायरिंग करताना

आधी खालचा मजला पूर्ण करा, मग वरचा. उलटं केलं तर वरच्या वायरी खालचे स्क्रू झाकून टाकतात. +२४ आणि ० व्होल्ट प्रत्येक टर्मिनलला वेगळे आणायची गरज नाही. त्या मजल्यावर शॉर्टिंग लिंक टाकली की सप्लाय पुढे जातो.

आणखी एक सापळा आहे. काही टर्मिनलमध्ये मजले आतून एकमेकांना जोडलेले असतात, काहींत वेगळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! त्यामुळे मॉडेल नंबर आणि डेटाशीट बघूनच बसवा. २३० व्होल्ट एसी आणि २४ व्होल्ट डीसी यांच्या पट्ट्याही वेगळ्या ठेवा.

आणि हो, हात घालण्याआधी सप्लाय बंद करा आणि मीटरने खात्री करा. मजले जवळजवळ असल्याने स्क्रूड्रायव्हर सहज दुसरीकडे लागतो.

मंडळी, नंबर टाकायला लागणारा तासभर पॅनल बनवणाऱ्याला नकोसा वाटतो. पण रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याच नंबरांचा आधार असतो. तुमच्या ओळखीत असा कुणी वायरमन किंवा आयटीआयचा विद्यार्थी असेल, तर त्याला हे नक्की पाठवा!