फ्रँचायझी रेस्टॉरंटचा इन्शुरन्स: करारात असलेला आणि नसलेला

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे एपिसोडचा लेखी अवतार. माझे 'म्हणजे' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय एका फोनमुळे ठरला. कॉलेजचा मित्र, माझ्यासारखाच आयटीवाला, नोकरी सोडून एका साखळी रेस्टॉरंटची फ्रँचायझी घेतोय. करार साठ पानांचा, त्यात इन्शुरन्सला अर्धं पान. तो म्हणाला, "अरे, यात लिहिलंय तेवढं घेतलं की झालं ना?" मी 'हो' म्हणणारच होतो, पण मावसभावाचं नाशिकचं प्रकरण आठवलं.

त्याच्याबद्दल सांगतोच. आधी हे अर्धं पान येतं कुठून ते बघू. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. त्यामुळे कोणता विमा घ्यायचा हे ब्रँडचा वकील ठरवतो, आणि तो ब्रँडचा विचार करतो. म्हणून तिथे पब्लिक लायबिलिटीवर जोर असतो. गिऱ्हाईक घसरून पडलं, कुणाला विषबाधा झाली, तर त्या दाव्याची भरपाई देणारी ही पॉलिसी. त्यात ब्रँडचं नाव 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड' म्हणून घालायला सांगतात. म्हणजे हप्ता तुमचा, पण गिऱ्हाइकाने दोघांवर केस केली तर संरक्षण दोघांना. यात काही चूक नाही. फक्त तुमचं किचन जळालं तर काय, याचं उत्तर त्या पानावर शोधू नका.

लायबिलिटी घेताना एक गोष्ट मात्र नक्की विचारा: जेवणातून झालेला त्रास यात धरलाय का? कारण बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये जागेतला अपघात धरलेला असतो आणि खाण्याचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे असुरक्षित अन्नामुळे गिऱ्हाइकाचा मृत्यू झाला तर भरपाई किमान ५ लाख आहे. ग्राहक आयोगातला दावा आणखी वेगळा.

आता नाशिक. मावसभावाच्या आउटलेटमध्ये चिमणीच्या डक्टमध्ये साठलेल्या तेलकट थराने पेट घेतला. कुणाला इजा झाली नाही, नुकसान ९ लाखांचं. पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले, सगळे निवांत. क्लेम मंजूर झाला ३ लाख ६० हजारांचा.

का? पॉलिसी बँकेने कर्ज देताना काढून दिली होती, कर्जाच्या रकमेएवढी, १२ लाखांची. दुकानातली यंत्रं, फर्निचर, इंटिरिअर, माल मिळून खरी किंमत होती ३० लाख. म्हणजे विमा ४० टक्क्यांचाच. अशा वेळी कंपनी म्हणते, उरलेल्या ६० टक्क्यांचा धोका तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला होता, तेव्हा नुकसानीतही तुमचा वाटा ६० टक्के. याला 'अंडरइन्शुरन्स' म्हणतात. लोकांना वाटतं १२ लाखांचा विमा आहे, ९ लाख सहज मिळतील. तसं नसतं. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने ते ३ लाख ६० हजारही आधी कर्जखात्यात गेले.

एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरलेली पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचं अंडरइन्शुरन्स माफ आहे. ३० लाखांच्या दुकानाला साडेपंचवीस लाखांचा विमा असता तरी ही कपात झाली नसती. हप्त्यातला फरक मी विचारला, तो वर्षाला काही हजारांच्या घरात होता. अक्षरशः एका रविवारच्या गल्ल्याएवढा.

सर्व्हेयरने पहिल्या दिवशी मागितली ती डक्ट सफाईची बिलं. महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी' घेऊन द्यावा लागतो, तोही बघितला. मावसभावाकडे दोन्ही होतं म्हणून निदान वाद झाला नाही.

पण खरा फटका पुढे बसला. दुकान अडीच महिने बंद. भाडं चालू, ईएमआय चालू, दोन आचाऱ्यांना सोडायचं नाही म्हणून त्यांचे पगार चालू, आणि करारात किमान रॉयल्टी होती तीही चालू! यासाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट'चं कव्हर असतं. ते आगीच्या पॉलिसीच्या जोडीने घ्यावं लागतं आणि मूळ क्लेम मान्य झाला तरच मिळतं. (लॉकडाऊनमध्ये अनेकांना यातून काही मिळालं नाही, कारण मालमत्तेला इजाच झाली नव्हती.) करारात ते मागितलेलं नव्हतं, म्हणून घेतलेलं नव्हतं.

कामगारांचं थोडक्यात. ईएसआयमध्ये नोंद असलेल्यांचं तिकडून होतं, नसलेल्यांची जबाबदारी मालकावर. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र असं: २५ वर्षांचा, १५ हजार पगाराचा मुलगा कामावर असताना गेला, तर साडेसात हजार गुणिले २१६.९१, म्हणजे १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. गरम तेल आणि गॅसच्या जागेत हा आकडा पाठ हवा. आणि स्वतःची डिलिव्हरी ठेवणार असाल तर बाइकचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहेच, पण पॉलिसी खासगी वापराची आहे की धंद्याची, तेही बघा. आम्ही डेव्हलपर मंडळी 'आय अ‍ॅग्री' न वाचता दाबतो, तेच इथे महागात पडतं.

मित्राने त्या रात्री बसून दुकानातल्या प्रत्येक वस्तूची आजची किंमत एक्सेलमध्ये मांडली. बेरीज ३४ लाख झाली, त्याच्या अंदाजापेक्षा ९ लाखांनी जास्त. मग ब्रँडला ईमेल केला: आगीमुळे दुकान बंद राहिलं तर किमान रॉयल्टी थांबेल का? आधी फोनवर "बघू ना सर" झालं. तिसऱ्या ईमेलनंतर ९० दिवसांची सवलत लेखी मिळाली, करारात नवीन ओळ घालून. सही पुढच्या आठवड्यात आहे.