गिरिमालांतील भूकवचाचे भ्रमण
पर्वतनिर्मितीच्या वेळी भूकवचाचे खंड केवळ पुढे सरकतात वा एकमेकांवर चढतात असे नाही, तर ते उभ्या अक्षाभोवती फिरतातही. सरकण्याच्या खुणा वली व विभंग यांत दिसतात. खंड किती अंशांनी फिरला याची खूण मात्र मुख्यतः खडकांच्या अवशिष्ट चुंबकत्वात टिकून राहते.

लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटाचे कण सु. ५८०° से. खाली तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात. गाळाच्या खडकांत असे कण निक्षेपणाच्या सुमारास त्या दिशेत स्थिरावतात. हजारो वर्षांच्या सरासरीने हे क्षेत्र भौगोलिक उत्तरेस (व्युत्क्रमणाच्या काळात दक्षिणेस) अनुसरते. त्यामुळे खंड नंतर फिरला, तर खडकातील चुंबकीय दिशाही त्याच्याबरोबर तेवढीच फिरते.

मूळ दिशा नोंदून घेतलेले नमुने टप्प्याटप्प्याने तापवून त्यांतील नंतरचे चुंबकत्व काढून टाकतात व थरांच्या कलासाठी दुरुस्ती करतात. उरलेल्या दिशेचा दिक्पात आणि त्याच खंडाच्या स्थिर भागातील समकालीन खडकांवरून अपेक्षित दिक्पात यांतील फरक म्हणजे भ्रमणाचा कोन होय. वलीच्या दोन्ही बाजूंचे थर गणिताने आडवे केल्यावर दिशा जुळल्या, तर चुंबकत्व वलीकरणापूर्वीचे ठरते. ही कसोटी जे. डब्ल्यू. ग्रॅहॅम यांनी १९४९ मध्ये मांडली.

काही वक्राकार गिरिमाला मूळच्या सरळ असून नंतर वाकल्या, असे मत एस. डब्ल्यू. केअरी यांनी १९५५ मध्ये मांडले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत चिली व पेरू यांच्या सीमेवरील आरिकाजवळ असाच वळतो. तेथील जुन्या खडकांचे मापन केल्यावर वळणाच्या उत्तरेस, पेरूमध्ये, भ्रमण घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने, तर दक्षिणेस, चिलीमध्ये, काट्यांच्या दिशेने झालेले आढळले. चिलीच्या उत्तर भागात ते काही ठिकाणी ३०° हून अधिक आहे. यावरून हे वळण निदान अंशतः नंतर आलेले आहे, हे स्पष्ट होते. तेथीलच मायोसीन काळातील खडकांत भ्रमण फारसे आढळत नाही. त्यामुळे त्या भागातील बहुतेक भ्रमण त्यापूर्वीच झाले असावे.

मात्र विभंगांमधील लहान ठोकळे स्वतंत्रपणेही फिरू शकतात. म्हणून एखाद्या ठिकाणच्या कोनावरून संपूर्ण गिरिमालेविषयी निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी विस्तृत प्रदेशातील व निरनिराळ्या वयांच्या खडकांची मापने जुळावी लागतात.