बुलेटचा उजेड वाढवायचाय? आधी बल्ब नको, रिले बघा

दुकानात गेलात की पहिली ऑफर १००/९० वॅटच्या बल्बची. घेऊ नका. जुन्या हॅलोजनवाल्या बुलेटला एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. वायरिंग, स्विच, होल्डर सगळं त्याच हिशोबाने बनवलेलं. जास्त वॅट टाकले की होल्डर वितळतो.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. बल्बपर्यंत १० टक्के व्होल्टेज कमी पोहोचलं, तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो! म्हणून आधी फ्यूजसकट रिले लावून बॅटरीवरून थेट जाड वायर घ्या. तोच बल्ब वेगळा वाटेल. तरी हौस उरलीच, तर त्याच वॅटचा जास्त उजेडाचा हॅलोजन घ्या. फिलामेंट जास्त तापतं, त्यामुळे तो लवकर उडतो, एवढंच. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

एचएस१ म्हणजे ३५/३५ वॅटवाल्या गाड्यांत एच४ कोंबू नका, बॅटरीचं चार्जिंग मार खातं.

आणि ते पांढरेफटक एलईडी? रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात, धुक्यात पिवळसर हॅलोजनच बरा.

बल्ब बदलल्यावर लो बीमची उंची भिंतीवर तपासाच, मंडळी!