लाल ठिपका विस्कटलेला दिसतो. दोष डोळ्याचा की उपकरणाचा?

अ‍ॅस्टिग्मॅटिझम असणाऱ्यांनी रेड डॉट साइट निवडताना काय पाहावे

रेड डॉट साइट या लक्ष्यदर्शकातून पाहताना काचेवर लहानसा, वाटोळा, तेजस्वी लाल ठिपका दिसणे अपेक्षित असते. अनेकांना मात्र तो स्वल्पविरामासारखा, तिरप्या रेषेसारखा किंवा द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. उपकरणच सदोष असल्याचा समज होऊन ते परत केले जाते, त्याहून महागडे खरेदी केले जाते आणि त्यातही ठिपका तसाच विस्कटलेला दिसतो. बहुतांश वेळा याचे कारण उपकरणात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते. या नेत्रदोषाला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. अबिंदुकता ही त्याची शास्त्रीय संज्ञा या ठिकाणी अगदी शब्दशः लागू पडते, कारण या दोषामुळे बिंदू हा बिंदू राहत नाही. म्हणूनच लक्ष्यदर्शक निवडण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी करून घेणे, हा या खरेदीचा पहिला टप्पा ठरतो.

ठिपका कसा तयार होतो?

रेड डॉट साइटमध्ये एक सूक्ष्म एलईडी दिवा असतो. त्याचा प्रकाश विशिष्ट लेप दिलेल्या वक्र काचेवर पडतो. ही काच लाल प्रकाश डोळ्याकडे परावर्तित करते आणि समोरचे दृश्यही आरपार दिसू देते. परावर्तित किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे ठिपका काचेवर नसून दूरवर, लक्ष्याच्याच पातळीवर असल्याचा भास होतो. आयरिश दुर्बीणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये या तत्त्वावरील परावर्तक लक्ष्यदर्शकाची कल्पना मांडली. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली.

साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, पुढची खूण आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टींचा मेळ घालावा लागतो. रेड डॉटमध्ये लक्ष्य आणि ठिपका एकाच वेळी स्पष्ट दिसू शकतात. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागलेल्या नेमबाजांना ही मोठी सोय वाटते. परंतु अबिंदुकता असणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

बिंदूची रेषा का होते?

निर्दोष डोळ्यात पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढील पारदर्शक पडदा, सर्व दिशांना जवळजवळ सारखाच वक्र असतो. अबिंदुकतेत त्याची, किंवा काही वेळा डोळ्यातील भिंगाची, वक्रता एका दिशेत अधिक व दुसऱ्या दिशेत कमी असते. त्यामुळे एकाच बिंदूतून आलेले सर्व किरण दृष्टिपटलावर एका ठिकाणी एकत्र येत नाहीत आणि बिंदूची प्रतिमा रेषेसारखी अथवा लंबगोल उमटते. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यातील या दोषाचे वर्णन केले. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1825 च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी दंडगोलीय भिंग तयार करवून घेतले. आजच्या चष्म्यातील ‘सिलिंडर’चा नंबर याच उपायाचा वारसा आहे.

एरवी सौम्य दोष लक्षातही येत नाही. अक्षरे किंवा चेहरे किंचित पुसट असले तरी मेंदू ते सावरून घेतो. काळ्या पार्श्वभूमीवरील एकच तेजस्वी ठिपका मात्र डोळ्याची कठोर परीक्षा घेतो. रात्री रस्त्यावरील दिव्यांना फुटलेले किरण दिसतात, तेही याच कारणाने.

याचे प्रमाण साध्या गणिताने समजते. लक्ष्यदर्शकातील ठिपक्याचा आकार ‘एमओए’ म्हणजे कोनीय मिनिटांत सांगितला जातो. एक एमओए म्हणजे 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर. डोळ्यात केवळ अर्ध्या डायॉप्टरचा सिलिंडर दोष असेल आणि बाहुली 3 मिलिमीटर उघडी असेल, तर प्रकाशबिंदू एका दिशेत सुमारे 5 एमओए इतका पसरू शकतो. म्हणजेच 2 एमओएचा ठिपका 2 रुंद आणि 7 लांब असा दिसेल. अंधारात बाहुली 6 मिलिमीटरपर्यंत विस्फारली, तर हा पसारा दुप्पट होतो. घरातील मंद प्रकाशात ठिपका अधिक वेडावाकडा आणि भर उन्हात बराच नीटनेटका दिसण्यामागे हेच कारण आहे.

दोष कोणाचा, हे कसे ओळखावे?

पुढील चाचण्या लक्ष्यदर्शक बंदुकीवरून उतरवूनच कराव्यात. तसे शक्य नसल्यास शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरावे.

पहिली चाचणी म्हणजे लक्ष्यदर्शक हातात धरून हळूहळू गोल फिरवणे. ठिपक्याची शेपटी उपकरणाबरोबर फिरली तर दोष उपकरणात असण्याची शक्यता आहे; ती जागीच राहिली तर दोष डोळ्यात आहे. दुसऱ्या चाचणीत उपकरण स्थिर ठेवून मान तिरकी करावी. मानेबरोबर शेपटीही कलली, तर डोळाच कारणीभूत आहे.

तिसरी चाचणी मोबाइल कॅमेऱ्याची. ठिपक्याचे तेज कमी करून, दूरच्या वस्तूवर फोकस ठेवून छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात ठिपका वाटोळा आणि डोळ्याला विस्कटलेला दिसत असेल, तर उपकरण परत करण्यात अर्थ नाही. चौथ्या चाचणीसाठी जाड कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून ठिपका पाहावा. तो लगेच आटोपशीर दिसू लागला, तर दोष चष्म्याने सुधारण्याजोगा असण्याची शक्यता अधिक असते.

आधी चष्मा, मग खरेदी

ठिपका दूरवर असल्याचा भास होत असल्याने त्यासाठी दूरचा नंबर बरोबर असावा लागतो. चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस असे दोन रकाने असतात. पहिला दोषाचे प्रमाण सांगतो, दुसरा त्याची दिशा. दैनंदिन वापरात अडचण नसल्याने लहान सिलिंडर नंबर अनेकदा टाळला जातो. नेमबाजी करणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी तसा उल्लेख करून, ज्या डोळ्याने नेम धरला जातो त्याचा पूर्ण नंबर मागून घ्यावा.

चष्म्याची बैठकही तितकीच महत्त्वाची आहे. दंडगोलीय भिंग आपल्या योग्य दिशेपासून केवळ 10 अंश फिरले, तरी मूळ दोषाचा सुमारे एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता शिल्लक राहतो. त्यामुळे घसरणारी किंवा वाकडी बसणारी फ्रेम योग्य नंबरालाही निरुपयोगी करते. प्रोग्रेसिव्ह भिंगे वापरणाऱ्यांनी नेम धरताना नजर भिंगाच्या वरच्या, दूरच्या भागातून जाते का, हे पाहावे. सुरक्षेच्या दृष्टीने सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची भिंगे अधिक योग्य ठरतात.

निवडीचे निकष

चष्म्यानंतरही विस्कटणे उरलेच, तर पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. ठिपक्याचे तेज दिसण्यापुरतेच ठेवावे. तेज वाढवले की भोवतीचा फिका पसाराही ठळक होतो. त्यामुळे तेजाच्या अनेक पायऱ्या असलेले आणि त्या हाताने बदलता येणारे उपकरण निवडावे.

दुसरा निकष आकाराचा. डोळ्यामुळे होणारा पसारा ठिपक्याच्या आकारानुसार फारसा बदलत नाही. वरील उदाहरणातील 2 एमओएचा ठिपका साडेतीनपट लांबट दिसतो. 6 एमओएचा ठिपका त्याच डोळ्याला 6 रुंद आणि 11 लांब, म्हणजे दुपटीहून कमी लांबट दिसेल. जवळच्या अंतरावर मोठा ठिपका मंद तेजात वापरणे म्हणूनच सोयीचे ठरते. लांबच्या लहान लक्ष्यावर मात्र तोच ठिपका लक्ष्य झाकून टाकतो.

तिसरा निकष रंगाचा. दिवसाच्या प्रकाशात मानवी डोळा हिरव्या रंगाला अधिक संवेदनशील असतो. त्यामुळे हिरवा ठिपका कमी तेजातही दिसतो आणि काहींना तो अधिक रेखीव वाटतो. हा अनुभव व्यक्तीगणिक बदलत असल्याने दोन्ही रंग प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा.

होलोग्राफिक लक्ष्यदर्शकात लेझरच्या साह्याने वर्तुळ आणि मध्यबिंदू अशी आकृती दिसते. मध्यबिंदू पसरला तरी मोठ्या वर्तुळामुळे केंद्राचा अंदाज घेता येतो. तरीही तो प्रकाश त्याच डोळ्यातून जातो, त्यामुळे दोष नाहीसा होत नाही.

प्रिझम प्रकारातील लक्ष्यदर्शकात खूण थेट काचेवर कोरलेली असते. दिवा बंद असतानाही ती काळ्या रेषांत दिसते आणि डोळ्याजवळील कडे फिरवून तिचा फोकस जुळवता येतो. हा फोकस सिलिंडर दोष दुरुस्त करत नाही, परंतु तेजस्वी बिंदूऐवजी कोरलेली रेषा पाहायची असल्याने खूण पुष्कळ स्पष्ट भासते. रायफलसाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. पिस्तुलासाठी मात्र तो सोयीचा नाही, कारण डोळा भिंगापासून ठरावीक, थोड्याच अंतरावर ठेवावा लागतो.

स्पर्धेचे नियम वेगळे

ऑलिंपिकमधील पिस्तूल प्रकारांत केवळ उघडे लक्ष्यदर्शक चालतात. तेथे रेड डॉटला परवानगी नाही. प्रॅक्टिकल शूटिंगच्या काही विभागांत मात्र तो वापरता येतो. ऑलिंपिक रायफल प्रकारांत मागील बाजूस बारीक छिद्राची चकती असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक जिंकले, ते याच पद्धतीच्या रायफलने. कागदाच्या छिद्राच्या चाचणीमागील तत्त्वच येथे काम करते. बाहुली 3 मिलिमीटर उघडी असताना त्यापुढे एक मिलिमीटरचे छिद्र आले, की प्रकाशाचा पसारा सुमारे एक तृतीयांशावर येतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी खरेदीपूर्वी आपल्या प्रकाराचे नियम वाचावेत. परदेशातून उपकरण मागवताना आयातविषयक अटी आणि शस्त्र परवान्याच्या अटीही तपासून घ्याव्यात.

या लक्षणांकडे दुर्लक्ष नको

एका ठिपक्याचे अनेक ठिपके दिसणे, नवा चष्मा घेऊनही ते तसेच राहणे, सिलिंडरचा नंबर थोड्या काळात वारंवार बदलणे, ही लक्षणे साध्या अबिंदुकतेची नसू शकतात. पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणाऱ्या केराटोकोनस या विकारातही असे दिसते. हा विकार बहुधा किशोरवयात किंवा तारुण्यात सुरू होतो आणि डोळे सतत चोळण्याच्या सवयीने वाढू शकतो. वेळीच निदान झाल्यास कॉर्निअल क्रॉस-लिंकिंग या उपचाराने त्याची वाढ रोखता येते. उशीर झाल्यास गेलेली दृष्टी चष्म्याने परत मिळत नाही. अशा वेळी चष्म्याच्या दुकानातील तपासणीवर न थांबता नेत्रतज्ज्ञांकडून पारपटलाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्यावी.

सौम्य अबिंदुकता नेमबाजीच्या आड येत नाही. जवळच्या, मोठ्या लक्ष्यावर किंचित लांबट ठिपक्यानेही नेम साधता येतो. मात्र शून्य जुळवणी करताना ठिपक्याचा जो भाग केंद्र मानला, तोच पुढे कायम ठेवावा लागतो आणि तेजही शक्यतो तेवढेच राखावे लागते. नवा नंबर घेतल्यास ही जुळवणी पुन्हा करावी. खरेदीला जाताना स्वतःचा अद्ययावत चष्मा लावून जावे, दुकानातील दिव्यांखाली आणि बाहेरच्या उजेडात अशा दोन्ही ठिकाणी ठिपका पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.