हिरव्या कुरणात वाळवंटी प्राणी

पाळीव गाढवाचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातले. दिवसभर भटकावे, वाळलेले खुरटे गवत खावे आणि त्यातून मिळेल तेवढे पोषण शोषून घ्यावे, अशी त्याच्या पोटाची घडण. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, सिडमाउथ गावाजवळ, गाढवांचे मोठे आश्रयस्थान आहे : ‘द डाँकी सँक्चुअरी’. एलिझाबेथ स्वेंडसेन यांनी ते १९६९ मध्ये सुरू केले. तिथले लुसलुशीत गवत आणि तिथला पाऊस, दोन्ही गाढवाच्या मुळावर येणारे. म्हणून त्याला या दोन्हींपासून जपणे हे निगेतले मोठे काम.

मुख्य चारा म्हणजे बार्लीचे काड. त्यात तंतू भरपूर आणि साखर कमी असल्यामुळे तोंड दिवसभर चालू राहते, पण अंगावर चरबी चढत नाही. हिरवे कुरण मात्र विजेच्या तारेचे कुंपण सरकवत, पट्ट्यापट्ट्याने खुले करतात. मोकळे सोडले तर मानेवर आणि बरगड्यांवर चरबीचे थर साचतात. मानेवरची चरबी तर पुढे सहसा उतरत नाही. खुराच्या आतल्या थरांना सूज येणारा लॅमिनायटिस हा अतिशय वेदनादायक आजारही यातूनच जडतो. लठ्ठ गाढवाला उपाशी ठेवणे त्याहून घातक. खाणे एकदम तुटले की साठलेली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागते आणि काही दिवसांत जनावर दगावू शकते. त्यामुळे वजन उतरवायचे ते महिनोन्‌महिने, बेताबेताने.

घोड्याच्या केसांवरून पाणी जितके ओघळते तितके गाढवाच्या केसांवरून ओघळत नाही. पावसात ते पार भिजते आणि गारठते. म्हणून कोरड्या जमिनीचा निवारा त्याला हवा तेव्हा गाठता आला पाहिजे. खूरही ओल धरतात, मऊ पडतात, आत पू होतो. वाळवंटात दगडधोंड्यांवर आपोआप झिजणारे खूर इथल्या मऊ मातीत वाढतच राहतात. दुर्लक्ष झाले तर चोचीसारखे वर वळतात आणि जनावराला पाऊल टाकवत नाही. यासाठी खुरांतली माती रोज काढतात आणि दर सहा ते दहा आठवड्यांनी खूर तासतात. दातही वर येत राहतात. वर्षातून एकदा तरी ते तपासून त्यांच्या धारदार कडा कानशीने घासाव्या लागतात. दात पडलेल्या म्हाताऱ्या गाढवांना बारीक कापलेला, भिजवलेला चारा देतात.

सर्वांत अवघड काम दुखणे ओळखण्याचे. पोटात कळ आली की घोडा लोळतो, पाय झाडतो; गाढव बहुधा मान खाली घालून नुसते उभे राहते. सांभाळणाऱ्याला प्रत्येक गाढवाची रोजची रीत माहीत असावी लागते ती यामुळे. कोण आधी चाऱ्याकडे येते, कोणाचे कान कसे असतात, हे खरारा करतानाच लक्षात ठेवायचे. एखाद्याने चाऱ्याला तोंड लावले नाही, तर तेवढ्यावरून पशुवैद्याला तातडीने बोलावणे योग्यच.

गाढवांची जोडी जमते आणि पुष्कळदा ती आयुष्यभर टिकते. एकाला उपचारांसाठी हलवायचे तर सोबत्यालाही बरोबर नेतात. जोडीदार मेला तर त्याचा देह लगेच हलवत नाहीत. मागे राहिलेले गाढव तो हुंगते, ढोसून पाहते आणि काही वेळाने आपणहून बाजूला होते. ही मुभा न मिळालेली गाढवे जोडीदाराला शोधत फिरतात, रेकत राहतात, चारा सोडतात; आणि चारा सुटला की तोच चरबीचा जीवघेणा विकार गाठतो. म्हणून पुढचे काही दिवस अशा गाढवावर खास नजर ठेवून त्याला कळपातल्या ओळखीच्या गाढवांसोबतच राहू देतात.